एका धाग्याच्या दोघी

१

अकिलाने मागितलेली मन्नत साधीच होती. ना सोनं मागितलं, ना घर. जव्हारच्या एसटी स्टँडमागच्या दुकानात, जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज उरकून ती एकटी बसली होती आणि मनातल्या मनात म्हणाली होती, "या अल्ला, माझा अफजल एकदा या दारात उभा दिसू दे. जीव आहे तोवर दर जुम्मेरातीला रोजा धरीन." एवढंच. मन्नतीला मोठं तोंड लागत नाही, बायांनो. वाट बघायची ताकद लागते, आणि ती अकिलाकडे पुरेशी होती.

अफजल तिचा एकुलता. फ्रिज दुरुस्तीचं काम शिकायला भिवंडीला गेला. सुरुवातीला फोन करायचा, "अम्मी, इथे डाळीत नुसतं पाणी असतं," म्हणून रडायचा. मग फोन बंद झाले. बाप इक्बाल जाऊन शोधून आला. ज्या खोलीत पोरगा राहायचा तिथे दुसरीच मुलं होती, आणि त्यांना अफजल नावाचं कुणी आठवत नव्हतं.

दुकान म्हणजे पुढची खोली. एसटीडीची काचेची पेटी, झेरॉक्सचं मशीन आणि इंटरनेटचा एक कॉम्प्युटर, इक्बालने मुंबईहून जुनाच आणलेला. मध्ये पडदा. पडद्यामागे घर. दुपारी इक्बाल जेवून आडवा झाला की अकिला गल्ल्यावर बसायची. तिला टायपिंग येत नव्हतं, पण गिऱ्हाइकांनी उघडी टाकलेली पानं मिटवायला ती शिकली होती.

तसंच एक पान एका दुपारी उघडं राहिलेलं. बाहेर धुकं इतकं उतरलं होतं की समोरचं रसवंतीगृह दिसेना. पानावर संगमरवरी जाळीचं चित्र होतं, आणि जाळीला लाल, पिवळे, हिरवे धागे. कुठल्या दर्ग्याची जाळी, ते लिहिलेलं नव्हतं. खाली हिंदीत एवढंच होतं: मन्नत का धागा बाँधिए.

आपल्याकडे दर्ग्याच्या जाळीला धागा बांधायची रीत आहेच. मन्नत पुरी झाली की धागा सोडायला जायचं. हजारांतून आपला कसा सापडणार? म्हणून हाताला लागेल तो एक सोडायचा. कुणाचा तरी आपण सोडतो, आपला कुणीतरी सोडतं. जाळीच्या दगडाला काय ठाऊक कोण कुणाचं!

अकिलाने एकेक अक्षर शोधून अफजलचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. जाळीवर एक लाल धागा हळूच स्वतःभोवती फिरला आणि गाठ बसली. तिने दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

२

दुसऱ्या दिवशी तिने पान पुन्हा उघडलं तर वरती अक्षरं आली: आप फिर आयीं. आणि एवढ्या धाग्यांत तिचा एकटा धागा उजळला.

"अहो, ऐकलंत का," तिने पडद्यामागे हाक मारली. "हे मला ओळखतंय."

इक्बाल डोळे चोळत आला. "तुला नाही ओळखत. मशीनला ओळखतंय. त्याला कुकी म्हणतात."

"म्हणजे बिस्कीट?"

"नाव तेच. खायची नाही." इक्बालला समजावून सांगायला फार आवडायचं. "हे बघ, धोबी कपड्याच्या कोपऱ्याला काळ्या शाईची खूण करतो की नाही? तो माणसाला ओळखत नाही, खुणेला ओळखतो. तसं, तू एकदा त्यांच्या पानावर गेलीस की ते आपल्या मशीनच्या कोपऱ्यात एक बारीक खूण करून ठेवतात. परत गेलीस की खूण वाचतात. समोर तू बस नाहीतर मी, त्यांना काय त्याचं!"

"आणि दोन घरच्या कपड्यांना एकच खूण लागली तर?"

"मग याचा सदरा त्याच्या घरी," इक्बाल हसला आणि पुन्हा जाऊन पडला.

अकिलाला मात्र ते ओळखणं गोड वाटलं. सबंध भिवंडीत ज्याला कुणी ओळखेना, त्याच्या नावाचा धागा कुणीतरी रोज न चुकता दाखवत होतं.

बाजाराच्या दिवशी पोशी आली. पोशी वांगणीकडची. डोक्यावर टोपली, टोपलीत वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. भाजी विकून झाली की गाडी लागेपर्यंत ती दुकानाच्या पायरीवर टेकायची. मुकादमाबरोबर खाडीत रेती काढायला गेलेला तिचा देवानंद होळीला बाकीच्यांबरोबर परतला नव्हता. मुकादम म्हणे, पळून गेला असेल.

"भाभी, काय बघतेस त्या डब्यात?"

अकिलाने सांगितलं. पोशी पायरीवरून उठून आत आली, प्लास्टिकच्या स्टुलावर अंग चोरून बसली, आणि जाळीकडे बघत राहिली.

"माझ्या पोऱ्याचा बांधशील?" आणि मग स्वतःच हसली. "देव तुमचा, पोऱ्या माझा. चालंल का गं त्याला?"

"त्याला मशीन चालतं, तर तू का नाही चालणार?"

पण पान काही दुसरा धागा देईना. आपका धागा बँधा है, एवढंच म्हणे, आणि अकिलाचाच धागा उजळून दाखवी. अकिलाने पुष्कळ खटपट केली. शेवटी तिला दिसलं की अफजलच्या नावापुढे काडी लुकलुकते आहे, म्हणजे तिथे लिहिता येतं. तिने तिथेच देवानंदचं नाव टाकलं. बाजूला वेगळं पान, वेगळं मशीन, काही काही तिला सुचलं नाही. घरातल्या पातेल्यात शेजारणीची मूठभर डाळ शिजायला टाकावी, तितक्या सहज तिने ते केलं.

"दाब तू," ती म्हणाली.

पोशीने ओलं बोट लुगड्याला पुसलं आणि बटण दाबलं. धागा जरा जाड झाला. दुसरी गाठ बसली नाही. पहिलीच आणखी घट्ट झाली.

३

त्यानंतरच्या दुपारी अकिलाने पान उघडलं. दुकानात ती एकटी. पडद्यामागे इक्बालचं घोरणं. रस्त्यावर धुकं, धुक्यात कुठेतरी गाडीचा गुरगुराट.

वरती अक्षरं आली: आप दोनों फिर आयीं.

तिने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पोशी तर त्या वेळी वांगणीच्या शेतात चिखलात उभी असणार. मग तिचं लक्ष स्टुलाकडे गेलं. सकाळी झाडताना तिने ते भिंतीशी सरकवलं होतं. आता ते तिच्या खुर्चीला लागून होतं. इक्बालने ओढलं असेल, झालं. गिऱ्हाईक आलं असेल कुणी. तिने स्टूल परत भिंतीशी लावलं, पण पान मिटवेपर्यंत तिकडे पाठ करायचं तिला धाडस होईना.

"दोन नावं टाकलीस ना तू," इक्बाल म्हणाला. "जोडलं असेल त्याने. थांब, खूणच पुसतो." त्याने साऱ्या कुक्या पुसल्या, मशीन बंद करून चालू केलं, टेलिफोनची वायरसुद्धा काढून पुन्हा लावली. "आता तू त्याला नवीन. उघड."

मोडेम किणकिणला, खरखरला. पान उघडलं. आप दोनों फिर आयीं.

इक्बालने दाढी खाजवली. "मग आपलं घड्याळ. या मशीनचा सेल गेलाय, चालू केलं की जुनंच साल दाखवतं. असं मागे पडलेलं मशीन दुनियेत एखादंच असणार. मशीनचा पडदा केवढा, अक्षरं कुठली, घड्याळ किती मागे, एवढ्यावरनं पण ओळखतात म्हणे."

त्याने नवा सेल टाकला. घड्याळ लावलं. अक्षरं तीच आली.

मग एक दिवस अकिला भाचीच्या, सिदराच्या, कॉम्प्युटर क्लासात गेली. दुसरी गल्ली, दुसरी लाईन, कोरं करकरीत मशीन. पान उघडलं, क्षणभर गप्प राहिलं. चालत आलेल्या बाईने दारात दम घ्यावा, तसं. मग म्हणालं: आप दोनों फिर आयीं.

सिदरा म्हणाली, "खाला, दोघी म्हणजे तू आणि मी का?"

अकिलाने पान मिटवलं. घरी आल्यावर तिने इक्बालला सांगितलं. त्या दिवसापासून इक्बालने समजावणं सोडून दिलं.

४

अफजल आला तो भर दुपारी. दारात उजेड कमी झाला म्हणून अकिलाने मान वर केली, तर तो उभा. अंगावर ओला सदरा, पाय अनवाणी. ती ओरडली की रडली, तिलाच कळलं नाही. इक्बाल पडद्यातून धावत आला आणि पोराच्या तोंडावरून हात फिरवत राहिला. लहानपणी पत्रा लागून झालेला कानामागचा व्रण होता. हनुवटीचा खड्डा होता. आवाज त्याचाच होता.

अकिलाने त्या गुरुवारी, जुम्मेरातीला, पहिला रोजा धरला. शिरणी वाटली. घर भरलं.

मग घरातल्या घरात काही काही दिसू लागलं. अफजल पाणी पिताना तांब्या ओठाला लावेना, वरून धार धरी. खुर्चीत बसेना. उंबऱ्याशी उकिडवा बसे आणि बाहेर बघत राही. आणि एकदा ताटातली चपाती बाजूला सारून म्हणाला, "नागलीची भाकर नाय का?"

नागलीचं, म्हणजे नाचणीचं, नाव काढलं की नाक मुरडणारा हा पोरगा!

अकिलाने मनाला समजावलं. परक्या मुलखात माणूस मिळेल ते खातं, जिथे राहतं तिथलं होतं. डोंगराकडच्या मजुरांत राहिला असेल. बरोबरच आहे. आणि तिने नागलीचं पीठ मळायला घेतलं.

"कुठे होतास, बेटा?" तिने भाकर वाढत विचारलं.

"रेतीवर." तो अगदी सहज बोलला. "खोलीचं भाडं थकलं, मग तिकडे गेलो. खाडीत बुडी मारायची, बादली भरायची, वर यायचं. एकदा खाली गेलो आणि वर यायला उशीर झाला."

"उशीर म्हणजे?"

"फार उशीर झाला, अम्मी. मग कुणीतरी धाग्याने ओढावं तसं झालं. दोघं होतो खाली."

"आणि दुसरा?"

त्याने भाकरीचा तुकडा तोंडाशी धरला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिचा प्रश्न त्याला कळलाच नाही.

"धागा एकच होता ना," तो म्हणाला. "वर एकच आलो."

पडद्यापलीकडे झेरॉक्सचं मशीन कुणी हात न लावता एकदा घरघरलं आणि गप्प झालं. लाईट गेली असेल-आली असेल. जव्हारात जातेच.

५

पान आता दुसरंच काही म्हणू लागलं होतं: मन्नत पूरी हुई। धागा खोल दीजिए। आणि खाली एक बटण.

"सोड की मग," इक्बाल म्हणाला. "रीतच आहे. काम झालं, धागा सोडला, विषय संपला. कशाला टांगून ठेवायचं?"

"पण त्यात पोशीचं पण आहे."

"पोशीला आपण दुसरा बांधून देऊ."

"देतं का ते दुसरा? बघितलंत ना तुम्ही."

इक्बाल खाली बघत हळूच बोलला, "अकिला, म्हातारी माणसं काय सांगायची, आठव. पुरी झालेली मन्नत फेडली नाही, तर दिलेलं परत जातं."

ते तिला ठाऊक होतं. तेच तर तिच्या छातीवर दगडासारखं बसलं होतं. न सोडावा, तर हा उंबऱ्यावर बसलेला पोरगा जायचा. आणि सोडावा, तर अजून जो खाली आहे त्याच्या हाताशी काय राहणार? धागा एकच होता. दोन आयांनी मिळून धरलेला. आणि त्या दोघी वेगळ्या आहेत, हे त्या पानाला कुणी सांगायचं? ते खूण ओळखत होतं, माणूस नव्हे.

ती रोज पान उघडी, बटणापर्यंत हात नेई, आणि मिटवून टाकी. अफजल तिकडे उंबऱ्यात बसल्या बसल्या, न वळता, म्हणे, "सोडलास का?" पहिल्यांदा तिला वाटलं, तो सोड म्हणतोय. मग तिला वाटलं, नको म्हणतोय. आवाज त्याचाच होता, पण कधी कधी तो छातीतून न येता कुठून तरी लांबून, पाण्यातून आल्यासारखा यायचा.

६

बाजाराच्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की माणसं एकमेकांना हाका मारत चालत होती. अकिलाने मन घट्ट केलं होतं. आज सोडायचा. आपलं लेकरू आधी. अल्लाने दिलेलं परत जाऊ द्यायला मी काय वेडी आहे? तिने पान उघडलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि बटणावर बोट ठेवलं.

त्याच वेळी पायरीवर टोपली टेकल्याचा आवाज झाला.

"भाभी, काय खबर—" आणि पोशीचं बोलणं तिथेच तुटलं.

अफजल तिच्याकडे पाठ करून उंबऱ्याशी उकिडवा बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर लांब सोडून. पोशी त्या पाठीकडे बघत होती. कधीची उपाशी असलेली बाई ताटाकडे बघेल, तशी.

"देवा?" ती हळू म्हणाली.

तो वळला. पोशीने त्याचं तोंड पाहिलं, आणि तिचं तोंड उतरलं. "नाय गं," ती स्वतःशीच म्हणाली. "हा तुझा. तुझा आला, भाभी. लई बेस झालं." आणि डोळ्यांना पदर लावून ती खरंच हसली, अकिलासाठी. "माझा वेडा जीव. पाठ बघून फसला. असा बसायचा तो."

अकिलाचं बोट बटणावर होतं. एवढंसं दाबायचं. 'होय, हा माझा' एवढंच म्हणायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. व्रण होता कानामागे. पण पोशीचं ते हसणं तिला सोसवेना. स्वतःचं पोर खाडीत असताना दुसरीच्या पोरासाठी हसणारी बाई दारात उभी असावी आणि आपण गाठ सोडावी, हे तिच्याच्याने झालं नाही.

तिने हात उचलला. पान तसंच ठेवलं. धागा तसाच.

"अफजल," ती म्हणाली, "मावशीची टोपली घे. गाडीपर्यंत पोचवून ये."

इक्बाल पडद्यातून म्हणाला, "अगं, या धुक्यात? आत्ताच कुठे आलाय तो."

"जाऊ द्या. तिचा पण आहे तो."

अफजल उठला. टोपली डोक्यावर घेतली, सवयीची असावी तशी, हात न लावता. "येतो, अम्मी," म्हणाला आणि पायरी उतरला. पोशी त्याच्या बाजूने चालू लागली, चालता चालता त्याला काहीतरी विचारू लागली.

अकिला दारात उभी राहून बघत होती. रसवंतीपर्यंत दोघांच्या पाठी दिसल्या. मग धुकं दाटलं. मग जरा विरळ झालं, आणि स्टँडच्या वळणाशी तिला त्या पाठी पुन्हा दिसल्या.

पोशी मधोमध होती. तिच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी चाललं होतं.

अकिलाने डोळे मिटले. उघडले तेव्हा वळणावर नुसतं धुकं होतं, आणि गाडीची घंटी वाजत होती.

७

अफजल त्या दिवशी आला नाही. अकिला दारातून हलली नाही. इक्बालने तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि शेजारी बसून राहिला. अफजल आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. केस ओले होते, पायाला शेतातला तांबडा चिखल होता. येऊन खुर्चीत बसला, ओठाला तांब्या लावून पाणी प्याला, आणि म्हणाला, "अम्मी, भूक लागलीये. चपाती दे."

पुढच्या बाजाराच्या दिवशी पोशी आली. 'काय खबर' असं तिने विचारलं नाही. पायरीवर बसली, आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या डोक्याला तेल होतं.

"पोशी," अकिलाने विचारलं, "घरी... कोण आहे का गं?"

पोशीने तिच्या हातावर हात ठेवला. "नको विचारूस, भाभी. विचारलं की जाईल, असं वाटतं. भाकर करते. दोन जास्ती करते. सकाळी उरत नाय." मग ती अफजलकडे वळली. "येतोस का रं, बाबा?"

अफजल तिची टोपली घेऊन गेला. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी जातोच. गेला की अकिला दारात उभी राहते, आणि आजवर प्रत्येक वेळी तो परतला आहे, कधी लवकर, कधी फार उशिरा. उशीर होतो तेव्हा ती जेवत नाही, दारातच बसून राहते. पण पाठवायची ती थांबत नाही. धागा अजून बांधलेला आहे. दुकानात नवं मशीन आलं, लाईन बदलली, पण पान उघडलं की ते दोघींनाही ओळखतं. अकिलाही आता मागे वळून बघत नाही. स्टूल स्वतःच खुर्चीशी ओढून ठेवते.

तर बायांनो, मन्नत मागाल तर अशी मागा. आणि तुमच्याकडे कुणी परत आलं, फार दिवसांनी, अंगाने ओलं, थोडं ओळखीचं, थोडं नाही, तर घाबरू नका, आणि गाठ सोडायची घाईही करू नका. त्याला पोटभर जेवू घाला. मग दारात कोण उभी आहे ते बघा, आणि म्हणा, "जा बाळा, हिच्याबरोबर जरा पुढपर्यंत जाऊन ये." मन होणार नाही. तरी पाठवा. अकिलाने पाठवला, तसा तुम्हीही पाठवा.